सर्वांची खातेवही : मुक्तस्रोत ईआरपीची पंचवीस वर्षे

मुक्तस्रोत ईआरपीचा इतिहास साधारणपणे १९९९ सालापासून मोजला जातो. त्या वर्षी अमेरिकेत योर्ग यांके यांनी 'कॉम्पिएरे' या सॉफ्टवेअरचा पाया घातला. खरेदी, विक्री, साठा, येणी-देणी आणि ताळेबंद हा सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरने सांभाळायचा आणि त्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता यावा, असा तो प्रयत्न होता. लिनक्स आणि अपाची वेब सर्व्हर यांनी तोवर मुक्तस्रोताची ताकद दाखवून दिली होती. पण ती तंत्रज्ञांनी तंत्रज्ञांसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर होती. व्यापाऱ्याच्या पेढीवर आणि कारखान्याच्या गोदामात मुक्तस्रोत चालवून दाखवणे हे वेगळ्या जातीचे काम निघाले.

पुढच्या पंचवीस वर्षांत या क्षेत्रात कंपन्या उभ्या राहिल्या, विकल्या गेल्या, नावे बदलली, समुदाय फुटले. या घडामोडींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न होता. कोडची प्रत फुकट काढता येते, पण हिशेबाचे सॉफ्टवेअर एकदा लिहून संपत नाही. कर बदलतात, कायदे बदलतात, चुका सापडतात, जुन्या नोंदी नव्या आवृत्तीत न्याव्या लागतात. ही रोजची निगा कुणी राखायची आणि तिचा खर्च कुठून काढायचा? प्रत्येक प्रकल्पाने याचे उत्तर आपापल्या परीने शोधले आणि त्या उत्तरावरच त्याचे पुढचे भवितव्य ठरले.

एका खुर्चीच्या पाच नोंदी

एक खुर्ची विकली गेली की हिशेबात एकाच वेळी अनेक गोष्टी घडतात. गोदामातून एक नग कमी होतो. ग्राहकाच्या नावे रक्कम पडते. विक्री खाते जमा होते. सरकारला देणे असलेला कर वेगळा जमा होतो. खुर्ची बनवायला आलेला खर्च साठ्यातून निघून नफा-तोट्याच्या खात्यात जातो. या पाचही नोंदी एकत्र झाल्या पाहिजेत. त्यांतली एक राहिली तर बाकीच्या चारही व्हायला नकोत. वेगवेगळ्या विभागांच्या वह्या अशा एका सूत्रात ओवणे हे ईआरपीचे मूळ काम आहे.

ही कल्पना मोठ्या प्रमाणावर रुजवली ती जर्मनीतील 'सॅप' या कंपनीने. आयबीएम सोडून आलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ साली ती स्थापन केली. १९९२ साली बाजारात आलेल्या 'आर/३' या आवृत्तीनंतर जगभरच्या मोठ्या उद्योगांनी तिची वाट धरली. 'एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग' हे नाव १९९० साली गार्टनर या संशोधन संस्थेने रूढ केले. शतकाच्या अखेरीस संगणकांना सन २००० मधील तारखा कळणार नाहीत, या धास्तीने अनेक कंपन्यांनी जुन्या प्रणाली टाकून ईआरपी घेतले आणि हा बाजार फुगला.

पण हे काम खर्चिक आणि जोखमीचे होते. वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे परवाना, वर सल्लागारांची फौज, आणि प्रणाली बसायला लागणारी वर्षे. १९९९ साली हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने सुमारे ११.२ कोटी डॉलर खर्चून नवी प्रणाली सुरू केली आणि ऐन हॅलोवीनच्या हंगामात माल गोदामात असूनही दुकानांपर्यंत वेळेवर पोचला नाही. एवढ्या मोठ्या उद्योगाची ही गत, तर लहान कारखानदाराने या वाटेला जाणे कठीणच होते. भारतात अशा व्यावसायिकांची गरज मुख्यतः 'टॅली'ने भागवली. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे पुत्र भरत गोयंका यांनी १९८६ साली सुरू केलेले हे सॉफ्टवेअर हिशेबनिसाच्या हाताला बसणारे होते. मात्र त्याचा कोड बंद होता आणि त्यात काय बदलायचे हे कंपनीच ठरवत असे.

कॉम्पिएरे आणि पहिला फाटा

यांके यांनी ओरॅकलमध्ये काम केलेले होते, व्यवसायाची मोठी सॉफ्टवेअर त्यांनी जवळून पाहिली होती. कॉम्पिएरेची रचना त्या अनुभवातून आली. पडद्यावर कोणते रकाने दिसावेत, कोणत्या रकान्याला कोणता नियम लागू व्हावा, ही माहिती कोडमध्ये न लिहिता डेटाबेसमधील एका कोशात ठेवलेली असे. त्यामुळे नवा फॉर्म हवा असला तर पुष्कळदा कोडला हात लावावा लागत नसे. ही रचना पुढे अनेक प्रकल्पांच्या उपयोगी पडली. सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये कॉम्पिएरे काही काळ फार लोकप्रिय होते.

अडचण सुरुवातीपासूनच रचनेत होती. कॉम्पिएरे ओरॅकलच्या डेटाबेसवर चाले. सॉफ्टवेअर फुकट घ्यायचे आणि खालचा डेटाबेस मात्र विकत घ्यायचा, अशी वापरणाऱ्याची अवस्था होई. समुदायातील अनेकांना पोस्टग्रेसक्यूएल हा मुक्त डेटाबेस हवा होता आणि त्यासाठी काम करायचीही त्यांची तयारी होती. पण बाहेरून आलेला कोड मूळ प्रकल्पात सहजासहजी घेतला जात नसे. मुख्य कोडची किल्ली कंपनीकडे होती.

२००६ साली कॉम्पिएरेत न्यू एंटरप्राइज असोसिएट्स या गुंतवणूकदार संस्थेचे भांडवल आले आणि कंपनीने कॅलिफोर्नियात बस्तान हलवले. गुंतवणूकदाराला परतावा लागतो आणि तो परवाने व सेवा विकूनच मिळतो. आपण वर्षानुवर्षे दिलेल्या श्रमांवर आता दुसऱ्याचा व्यापार उभा राहणार, ही भावना समुदायात बळावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समुदायाने कोडची प्रत घेऊन 'अडेम्पिएरे' हा वेगळा प्रकल्प सुरू केला. मलेशियाचे रेधुआन ऊन त्याच्या पुढाऱ्यांपैकी होते. इटालियनमध्ये 'कॉम्पिएरे' म्हणजे पूर्ण करणे आणि 'अडेम्पिएरे' म्हणजे घेतलेले काम पार पाडणे. नावातूनच फुटीमागची भूमिका स्पष्ट होत होती.

मुक्तस्रोताच्या परवान्याने असा फाटा फोडण्याचा हक्क प्रत्येकाला दिलेला असतो. बंद सॉफ्टवेअरच्या ग्राहकाला कंपनीचे धोरण पटले नाही तर त्याने दुसरे सॉफ्टवेअर शोधायचे, एवढाच मार्ग उरतो. मुक्तस्रोतात तेच सॉफ्टवेअर घेऊन वेगळी चूल मांडता येते. मात्र चूल मांडल्यावर सरपणही आपले आपणच गोळा करावे लागते. अडेम्पिएरेने पोस्टग्रेसक्यूएलची सोय केली, जगभरच्या प्रोग्रॅमरांचे कोड स्वीकारले. पण पगार देणारी एक कंपनी मागे नसल्यामुळे कोणता बदल घ्यायचा, कोणता नाकारायचा, याचे वाद वाढले. २०११ च्या सुमारास लो हेंग सिन आणि इतर काहींनी कोडची मांडणी नव्याने करून 'आयडेम्पिएरे' हा आणखी एक फाटा काढला. दरम्यान २०१० साली मूळ कॉम्पिएरे 'कोन्सोना' या कंपनीला विकली गेली आणि मुक्तस्रोताच्या चळवळीतून तिचे नाव मागे पडले. आयडेम्पिएरे मात्र आजही चालू आहे. यांके यांच्या मूळ कोडचा वारसा त्यांची कंपनी विकली गेल्यावर असा परक्या हातांनी जपला.

कॉम्पिएरेच्या रचनेवर आधारलेला आणखी एक प्रकल्प स्पेनमधील पांप्लोना शहरात वाढत होता. नवारा विद्यापीठाशी संबंधित दोघांनी सुरू केलेल्या या कामाचा कोड २००६ साली 'ओपनब्राव्हो' या नावाने खुला झाला. काही वर्षांनी ही कंपनी सर्वसाधारण ईआरपीकडून किरकोळ विक्रीच्या साखळी दुकानांकडे वळली. सगळ्या प्रकारच्या व्यवसायांची निगा एका लहान कंपनीला झेपत नाही, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते.

सुरक्षा, विश्वास आणि संस्था

२००६ हे वर्ष आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. 'एसक्यूएल-लेजर' हे पर्ल भाषेत लिहिलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर मुख्यतः डीटर सिमाडर या एका व्यक्तीच्या हाती होते. त्यात सुरक्षेची एक गंभीर त्रुटी आढळली. ती कशी हाताळायची यावरून मतभेद झाले आणि काही वापरकर्त्यांनी 'लेजरएसएमबी' हा फाटा काढला. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी ही इतर सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीसारखी नसते. तिच्यातून दुसऱ्याच्या तिजोरीचा रस्ता उघडतो. एकाच माणसावर सगळी निगा सोपवण्याचा धोका या प्रसंगाने दाखवून दिला.

दुसरी घटना 'ओएफबिझ'ची. डेव्हिड जोन्स आणि अँडी झेनेस्की यांनी २००१ साली सुरू केलेला हा प्रकल्प २००६ अखेर अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. लेन सिल्व्हरस्टन यांनी डेटाच्या रचनांवर लिहिलेल्या ग्रंथाचा त्याच्या मांडणीवर मोठा प्रभाव होता. ग्राहक, पुरवठादार आणि कर्मचारी या सगळ्यांना 'पक्ष' या एकाच संकल्पनेत बसवणारी त्याची रचना फार लवचीक होती. मालकी एका ना-नफा संस्थेकडे असल्यामुळे कंपनी विकली जाण्याचा धोका इथे नव्हता. पण मोठ्या कंपन्यांची कामे करणारे तंत्रसल्लागार त्याला आपापल्या ग्राहकांसाठी घडवत राहिले. लहान दुकानदाराने उतरवून घ्यावे आणि त्याच दिवशी बिल फाडावे, असे तयार रूप देण्यासाठी पदरचे पैसे घालणारे तिथे कुणी नव्हते.

बेल्जियममधला प्रयोग

फाबिएँ पिंकार्स यांनी बेल्जियममध्ये 'टायनी ईआरपी' लिहायला घेतले तेव्हा पायथन ही भाषा या क्षेत्रात नवीन होती. २००५ साली ते प्रसिद्ध झाले. पायथनमुळे कोड आटोपशीर राहिला आणि प्रत्येक विषयाचा वेगळा भाग, म्हणजे मॉड्यूल, जोडता-काढता येऊ लागला. पिंकार्स यांची उमेद मोठी होती. सॅपला मागे टाकायचेच, या जिद्दीने त्यांनी 'सॉरीसॅप' या नावाचे डोमेनही घेऊन ठेवले होते. पण 'टायनी' म्हणजे चिमुकले हे नाव मोठ्या ग्राहकांसमोर अडसर ठरू लागले आणि २००८ साली सॉफ्टवेअरचे नाव 'ओपनईआरपी' झाले.

त्याच वर्षी या प्रकल्पालाही फाटा फुटला. टायनी ईआरपीच्या ४.२ आवृत्तीवरून 'ट्रायटन' निघाले. नवी वैशिष्ट्ये झपाट्याने आणण्यापेक्षा कोडची शिस्त आणि आवृत्त्यांमधला सुरळीत प्रवास महत्त्वाचा, अशी ट्रायटनची भूमिका होती. आवृत्ती बदलताना जुना डेटा सोबत नेणे हा ईआरपीतला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निकडीचा भाग. ओपनईआरपीने ही सेवा पैसे घेऊन देण्याचे धोरण ठेवले. समुदायाने त्याला उत्तर म्हणून 'ओपनअपग्रेड' हा स्वतंत्र मुक्त प्रकल्प उभा केला. डेटा पुढे नेण्याचे श्रम कुणीच आनंदाने करत नाही, त्यामुळे त्यांची किंमत वसूल होऊ शकते, हे कंपनीने अचूक ओळखले होते. आणि हाच भाग पैशांमागे गेला तर ग्राहक मुक्त राहत नाही, हे समुदायानेही तितकेच अचूक ओळखले होते.

२०१४ साली ओपनईआरपीचे नाव 'ओडू' झाले. नावातून 'ईआरपी' वगळले गेले, कारण संकेतस्थळ, दुकान, विपणन अशी अनेक मॉड्यूल त्यात आली होती. पुढच्याच वर्षी नवव्या आवृत्तीबरोबर निर्णायक वळण आले. सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या झाल्या. 'कम्युनिटी' मुक्त राहिली, तिचा परवाना एजीपीएलऐवजी सैल अटींचा एलजीपीएल झाला. 'एंटरप्राइज' मात्र शुल्क भरणाऱ्यांसाठी बंद परवान्याखाली गेली. पुढे लेखांकनाचा मोठा भागही एंटरप्राइजकडे गेला. या पद्धतीला 'ओपन कोअर' म्हणतात: गाभा खुला, वरचा साज विकाऊ.

या निर्णयावर समुदायात मोठी नाराजी उमटली. पण कंपनीच्या बाजूचे कारणही खरे होते. केवळ सेवा विकून वाढणाऱ्या कंपनीला प्रत्येक नव्या ग्राहकामागे नवी माणसे नेमावी लागतात आणि मूळ सॉफ्टवेअर सुधारायला हात मोकळे राहत नाहीत. ओपन कोअरनंतर ओडू वेगाने वाढले. गुजरातेतील गांधीनगरात त्याचे मोठे कार्यालय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या समभागविक्रीत कंपनीचे मूल्यांकन ५ अब्ज युरो ठरले. समुदायाने ओडू कम्युनिटी असोसिएशन ही आपली संस्था उभारून मुक्त मॉड्यूलांचे भांडार जपले. एकाच कोडभोवती दोन अर्थव्यवस्था नांदू लागल्या.

ओपन कोअरची वाट दर वेळी अशी टिकत नाही. २००४ साली सुरू झालेल्या शुगरसीआरएम या ग्राहक-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरने काही वर्षे मुक्त आवृत्ती चालवली आणि २०१४ साली ती पुढे न नेण्याचे ठरवले. त्याआधीच २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्सअॅजिलिटी कंपनीने 'सुइटसीआरएम' हा फाटा काढून ठेवला होता, म्हणून जुन्या वापरकर्त्यांना ठिकाण उरले.

मागच्या तारखेची नोंद

परवाना आणि पैसा यांच्या वादांपलीकडे या सॉफ्टवेअरची एक अंगभूत अवघडता आहे. ती समजायला पुन्हा खुर्च्यांकडे जावे लागते.

एका दुकानाने महिन्याच्या १ तारखेला ५०० रुपये दराने १० खुर्च्या घेतल्या आणि ५ तारखेला ६०० रुपये दराने आणखी १०. आठ तारखेला १२ खुर्च्या विकल्या गेल्या. आधी आलेला माल आधी गेला, असे धरले तर विकलेल्या मालाची किंमत दहा पाचशेच्या आणि दोन सहाशेच्या मिळून ६,२०० रुपये. आठवड्याने कारकुनाला एक चलन सापडते: ३ तारखेला ५५० रुपयांच्या ५ खुर्च्या आल्या होत्या, नोंद राहून गेली. ती मागच्या तारखेने घातली की विकलेल्या मालाची किंमत ६,१०० रुपये होते. आठ तारखेचा नफा बदलतो, त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचा खर्च बदलतो, उरलेल्या साठ्याचे मूल्य बदलते. दुकानात हजारो वस्तू आणि पाच गोदामे असतील तर एका विसरलेल्या चलनामुळे लाखो नोंदी पुन्हा मोजाव्या लागतात, आणि तेही दुकान चालू असताना, काउंटरवर बिले फाटत असताना.

कागदी वहीत ही अडचण वर्षअखेरीच्या साठामोजणीपर्यंत झाकली जाई. ईआरपीत साठा आणि हिशेब क्षणोक्षणी जुळलेला असतो, म्हणून ती लगेच अंगावर येते. पैशांतल्या अपूर्णांकांची गोळाबेरीज, परकीय चलनाचे बदलते दर, रद्द झालेली बिले, अर्धा परत आलेला माल या प्रत्येकाची अशीच एक गुंतागुंत असते. आपल्या हौसेखातर कोड लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला यात रस वाटणे अवघड, आणि ज्या हिशेबनिसाला यातली खोच कळते त्याला कोड लिहिता येत नाही. या दोघांना एका टेबलाशी बसवणे हे मुक्तस्रोत ईआरपीपुढचे सर्वांत कठीण काम राहिले आहे.

मुंबईतला प्रकल्प

हिशेबाची जाण आणि कोड लिहिण्याची हातोटी हे दोन्ही गुण एकत्र आले ते मुंबईत. रुषभ मेहता यांच्या कुटुंबाचा फर्निचरचा व्यवसाय होता. त्या व्यवसायासाठी योग्य ईआरपीच्या शोधात असताना त्यांनी स्वतःच सॉफ्टवेअर लिहायला घेतले. २००८ साली 'वेब नोट्स टेक्नॉलॉजीज' ही लहानशी कंपनी उभी राहिली. तिचेच पुढचे नाव 'फ्रॅपे'. सॉफ्टवेअरचे नाव 'ईआरपीनेक्स्ट' आणि परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा. त्याखालचा 'फ्रॅपे फ्रेमवर्क' मात्र अधिक सैल अशा एमआयटी परवान्याखाली देण्यात आला. हिशेबाचा कोड कुणी घेऊन बंद करू नये, पण खालच्या चौकटीवर कुणीही काहीही उभारावे, अशी ही विभागणी होती.

फ्रॅपेच्या रचनेचा केंद्रबिंदू 'डॉकटाइप'. बीजक, वस्तू, ग्राहक, पगारपत्रक यांपैकी प्रत्येक दस्तऐवजाचे रकाने, नियम आणि अधिकार माहितीच्या स्वरूपात साठवलेले असतात. वापरणाऱ्याने आपल्या सोयीसाठी एखादा रकाना वाढवला तर तोही माहिती म्हणून वेगळा राहतो, मूळ कोडला धक्का लागत नाही. याचे महत्त्व आवृत्ती बदलताना कळते. अनेक ईआरपींमध्ये ग्राहक मूळ कोडच बदलून घेतात आणि मग नवी आवृत्ती आली की अडकतात. त्यांच्याकडे मुक्तस्रोताची स्वतःची एक गोठलेली प्रत उरते, तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्याही पोचत नाहीत.

ओपन कोअरची वाट फ्रॅपेने नाकारली. ईआरपीनेक्स्टची वेगळी विकाऊ आवृत्ती नाही. सगळा कोड खुला आहे. उत्पन्न येते ते सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून देण्याच्या सेवेतून आणि मदतीच्या करारांतून. या निवडीची किंमत मोठी होती. पहिली अनेक वर्षे बाहेरचे भांडवल न घेता छोट्या चमूने काम रेटले. २०२० मध्ये झिरोधा या दलाली कंपनीच्या 'रेनमॅटर' या गुंतवणूक शाखेने फ्रॅपेत पैसे घातले. झिरोधा स्वतः ईआरपीनेक्स्ट वापरत होती. ईआरपीनेक्स्टसाठी स्थापन झालेली ना-नफा संस्था पुढे 'फॉस युनायटेड' या नावाने देशभरातील मुक्तस्रोत कामाला आधार देऊ लागली.

तांत्रिक प्रश्नांची उत्तरेही टप्प्याटप्प्याने आली. २०२१ मधील तेराव्या आवृत्तीत मागच्या तारखेच्या नोंदींनंतर साठ्याचे मूल्य पडद्याआड पुन्हा मोजण्याची स्वतंत्र यंत्रणा आली. बीजक रद्द केल्यावर जुन्या नोंदी पुसण्याऐवजी उलट नोंदी करण्याची सोयही मिळाली. जमा-नावे पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये केले. चुकलेली नोंद खोडायची नाही, दुरुस्तीची वेगळी नोंद करायची, हा जुन्या मुनीमजींचा शिरस्ता. तोच आता कोडमध्ये उतरला.

जकात नाक्यापासून ई-इनव्हॉइसपर्यंत

भारतात चालणाऱ्या ईआरपीची खरी परीक्षा कर घेतात. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर होता, शिवाय अबकारी कर, सेवाकर, केंद्रीय विक्रीकर आणि मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात. १ जुलै २०१७ रोजी बहुतेक माल व सेवांवरचे हे सगळे कर जाऊन वस्तू आणि सेवा कर, म्हणजे जीएसटी, आला. एका मध्यरात्री देशातल्या प्रत्येक बिलाचा नमुना बदलला. राज्यांतर्गत विक्रीला करांची एक जोडी, आंतरराज्य विक्रीला दुसरा कर, प्रत्येक वस्तूला एचएसएन क्रमांक, प्रत्येक नोंदणीकृत ग्राहकाचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक.

चार-साडेचार महिन्यांतच, १५ नोव्हेंबर २०१७ पासून, १७८ प्रकारच्या वस्तूंवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला; त्यांत फर्निचरही होते. ऑक्टोबरात २८ टक्क्यांनी विकलेली खुर्ची डिसेंबरात परत आली तर जमापावती जुन्याच दराने फाडायला हवी. म्हणजे सॉफ्टवेअरने नवा दर लावायचा आणि जुना विसरायचा नाही. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल आले. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीच्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. ही मर्यादा पायरीपायरीने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. प्रत्येक पायरीला हजारो नवे, लहान व्यवसाय या नियमाखाली आले. मोठ्या कंपनीकडे तंत्रज्ञ असतात. ५ कोटींच्या कारखानदाराला सॉफ्टवेअर तयारच मिळावे लागते, आणि ते मुदतीच्या आत.

एका देशाच्या करांची एवढी गुंतागुंत, तर शंभर देशांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गाभ्यात ती सगळी कोंबणे अशक्य. २०२२ मधील चौदाव्या आवृत्तीत ईआरपीनेक्स्टने गाभा हलका केला. मनुष्यबळ आणि पगाराचा भाग 'फ्रॅपे एचआर' म्हणून वेगळा झाला. भारतीय करांचा भाग 'इंडिया कंप्लायन्स' या स्वतंत्र अॅपमध्ये गेला आणि त्याची जबाबदारी त्या विषयात मुरलेल्या दुसऱ्या चमूने उचलली. निगा राखण्याचा भार एका कंपनीच्या खांद्यावरून जाणकारांमध्ये वाटला गेला.

खुल्या कोडपुढे कायद्याने आणखी एक नाजूक प्रश्न ठेवला. १ एप्रिल २०२३ पासून भारतीय कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले, ज्यात प्रत्येक बदलाची आपोआप नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१८ पासून विक्रीच्या नोंदींबाबत अशीच अट आली होती आणि तिथल्या डोलीबार या मुक्त ईआरपीला व ओडूला त्यासाठी नोंदींची अतूट साखळी बांधावी लागली. पण जिथे कोड मालकाला बदलता येतो आणि डेटाबेस त्याच्याच सर्व्हरवर असतो, तिथे 'बंद करता येत नाही' याची हमी कोड एकटा देऊ शकत नाही. तिथे सर्व्हरचे अधिकार कुणाकडे आहेत, कोडची कोणती प्रत चालू आहे, तिच्यात फेरफार झाला का, हे लेखापरीक्षकाला तपासावे लागते. खुलेपणाचा लाभ असा की ही तपासणी त्याला कोड उघडून करता येते.

आजची स्थिती

पंचवीस वर्षांनंतर या क्षेत्रात निगेच्या चार पद्धती शेजारी शेजारी चालू आहेत. ओएफबिझ संस्थेच्या आधाराने, आयडेम्पिएरे आणि लेजरएसएमबी समुदायाच्या बळावर, ओडू ओपन कोअरवर आणि ईआरपीनेक्स्ट संपूर्ण खुल्या कोडसह सेवेच्या उत्पन्नावर उभे आहे. त्यांतली एकही पद्धत खर्चाशिवाय चालत नाही. 'फुकट' म्हणून घेतलेल्या सॉफ्टवेअरलाही जुन्या वह्यांमधला माल आणि बाकी तपासून भरावी लागते, माणसांना शिकवावे लागते, सर्व्हर आणि बॅकअप सांभाळावे लागतात. हा खर्च आधी न मांडल्यामुळे चांगल्या सॉफ्टवेअरचे प्रकल्पही अर्ध्यावर बंद पडतात.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर पुन्हा बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास मोडीत निघाले. बंद सॉफ्टवेअरच्या ग्राहकांना आपल्या कंपनीकडून येणाऱ्या बदलावर अवलंबून राहावे लागले. मुक्तस्रोतातही काम तेवढेच होते, वस्तूंचे दर तपासणे आणि जुन्या बिलांचे दर जपणे यातून कुणाची सुटका नव्हती. फरक एवढाच की एका दुकानासाठी केलेली दुरुस्ती दुसऱ्यालाही तशीच घेता येत होती. ती घेणाऱ्याने उद्या आपली दुरुस्ती परत दिली, तर ही सामायिक खातेवही चालू राहते.